नापास मंडळींचा कारखाना

लीडरशिप हा शब्द आपल्या कॉलेजात जितक्या वेळा कानावर पडतो, तितक्या वेळा मेसमधली बटाट्याची भाजीसुद्धा ताटात पडत नसेल. गॅदरिंगला आलेले प्रमुख पाहुणे त्यावर बोलतात, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचे सर त्यावर पाऊण तास घेतात, आणि ग्रुप डिस्कशनचा विषय काहीही असो, कुणी ना कुणी तो शब्द मध्ये आणतोच. उदाहरणंही ठरलेली. अमेरिकेतलं एक गॅरेज, त्यात कॉलेज अर्धवट सोडलेली दोन पोरं, आणि पुढच्याच वाक्यात अब्जावधी डॉलर. त्या लोकांबद्दल माझ्या मनात काही आकस नाही. पण मी पडलो मेकॅनिकलचा. भट्टी, साचा, ओतकाम असलं काही दिसल्याशिवाय मला कारखाना खराच वाटत नाही.

म्हणून मी ज्याच्याबद्दल लिहिणार आहे त्याच्याकडे गॅरेजसुद्धा नव्हतं. होतं ते निवडुंगानं भरलेलं एक माळरान. त्याचं आडनाव मात्र तुम्ही सगळ्यांनी वाचलंय. पंपावर, डिझेल इंजिनवर, मोटरवर ते कास्टिंगमध्येच उठवलेलं असतं. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

जन्म २० जून १८६९, गाव बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. नाटकवाल्या मंडळींना हे गाव दुसऱ्याच कारणानं माहीत असतं. संगीत सौभद्र लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर इथलेच. म्हणजे एका छोट्याशा गावानं मराठी माणसाला नाट्यसंगीतही दिलं आणि लोखंडी नांगरही. लक्ष्मणरावांना शाळेची गोडी फार नव्हती. चित्रं काढायची आणि यंत्रं उघडून बघायची हे दोन नाद. ज्या घरात पोथ्या आणि विद्या यांनाच मान, तिथं या नादांचं कौतुक कोण करणार? पण थोरले भाऊ रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले. १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले.

दोन वर्षांनी लक्षात आलं, की या मुलाला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. डोळ्यातच दोष.

विचार करा मित्रांनो. घरच्यांचा रोष पत्करून, भावाच्या पैशावर मुंबईला आलेला विद्यार्थी, आणि दोन वर्षं घालवल्यावर कळतंय की आपण चित्रकार होऊच शकत नाही. आपल्याकडे एखादा विषय राहिला तर एटीकेटी असते. इथं अख्खी ब्रँचच रद्द झाली. तेही अभ्यास न करण्यामुळे नाही, जन्मतः डोळ्यात जे आहे त्यामुळे. आपल्या विंगमधला कुणी असता तर आठ दिवस खोलीबाहेर आला नसता.

लक्ष्मणराव गावी परत गेले नाहीत. यांत्रिक रेखाटन, म्हणजे आपण ज्याला मशीन ड्रॉइंग म्हणतो, त्याला रंग लागत नाहीत. पांढरा कागद, काळी रेघ. त्यांनी तेच पक्कं केलं आणि त्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवायची नोकरी मिळवली. हेच आजचं व्हीजेटीआय. फक्त तेव्हा ते माटुंग्याला नव्हतं, भायखळ्याला होतं. ही संस्था १८८७ साली सुरू झालेली, म्हणजे अगदी नवी कोरी. तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्रं होती, आणि या ड्रॉइंगच्या मास्तरांना ती हाताळायला मिळाली. इंजिनिअरिंगची पदवी लक्ष्मणरावांकडे कधीच नव्हती. यंत्राचं जे काही ज्ञान होतं ते हातानं मिळवलेलं आणि अमेरिकन मासिकं वाचून वाढवलेलं. आमच्या वर्कशॉपमध्ये जॉब करून न घेता शेजारच्याचा जॉब घासून दाखवणारे काही महाभाग आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितोय.

याच काळात सायकल हे प्रकरण मुंबईत नवीन होतं. लक्ष्मणरावांनी ती शिकून घेतली, आणि मग मुंबईहून सायकली घेऊन बेळगावला रामूअण्णांकडे पाठवायला सुरुवात केली. रामूअण्णा तिकडे विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे, त्याची फी वेगळी. दोघा भावांचं हे दुकान म्हणजेच किर्लोस्कर ब्रदर्स. कंपनी आपलं जन्मसाल १८८८ मानते. पंपाच्या जगातलं एवढं मोठं नाव सायकलच्या दुकानातून निघालं ही गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत राईट बंधूंचंही सायकलचंच दुकान होतं, पण ते या दोघांच्या नंतर निघालं.

पुढे इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली. हक्क लक्ष्मणरावांचा होता, बढती मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. त्या काळात यात आश्चर्य वाटण्यासारखं काहीच नव्हतं. सगळे असंच सहन करत होते. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. पगाराची नोकरी सोडून सायकलच्या दुकानात!

इथपर्यंतचा हिशेब बघा. चित्रकार व्हायचं होतं, डोळ्यांनी दगा दिला. मास्तर म्हणून वर चढायचं होतं, कातडीचा रंग आडवा आला. दोन्ही वेळा निकाल दुसऱ्यांनी लावला, आणि त्यांच्या हाताला काय येतं याचा त्या निकालाशी संबंधच नव्हता. हे मी एवढं रंगवून सांगतोय ते पुढच्या गोष्टीसाठी. पुढे त्यांनी स्वतःकडे माणसं कशी घेतली ते समजायचं असेल तर हे आधी माहीत पाहिजे.

बेळगावात त्यांनी पहिल्यांदा कडबा कापायचं यंत्र केलं. गुराढोरांसमोर आख्खा कडबा टाकला की निम्मा पायदळी जातो, बारीक कापून दिला की सगळा खातात. साधी गोष्ट. मग हात घातला लोखंडी नांगराला.

आपला जुना लाकडी नांगर जमीन उकरतो, पण माती उलटी करत नाही. हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या खाली तशाच राहतात. लोखंडी नांगराला फाळाच्या मागं वळणदार पत्रा असतो. फाळ जमीन कापतो आणि तो पत्रा मातीची लड उचलून पालथी घालतो. खालची माती वर, वरचं तण खाली. विलायती नांगर बाजारात होते. लक्ष्मणरावांनी आपल्या मातीला आणि आपल्या बैलांना चालेल असा नांगर इथंच ओतायला घेतला. आपल्या सिलॅबसच्या भाषेत याला प्रॉडक्ट डेव्हलपमेंट म्हणतात आणि त्यावर दहा मार्कांचा प्रश्न असतो.

पण नांगर तयार झाला आणि कुणी घेईना. लोखंडानं जमिनीला विष चढतं, पीक जळतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपण सेमिस्टर प्रोजेक्ट दोन महिन्यांत चाललं नाही तर विषय बदलून घेतो.

हा प्रसंग भाषणात सांगतात तेव्हा श्रोते शेतकऱ्यांवर हसतात. मला ते पटत नाही. माझ्या आजोबांकडे जमीन होती, त्यामुळे मला दुसरी बाजूही दिसते. शेतकऱ्याला वर्षातून एकदाच परीक्षा देता येते आणि त्यात नापास झालं तर घरचं धान्य जातं. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून द्यायचा. बिडाचा फाळ मोडला तर काय करायचं? बीड कठीण असतं पण ठिसूळ, दगडावर आपटलं की तुकडा. गावच्या लोहाराला ते जोडता येत नाही. विषाची गोष्ट खोटी असेल, पण तिच्यामागं जी भीती होती ती मुळीच वेडगळ नव्हती. लक्ष्मणरावांचं मोठेपण मला यात दिसतं की त्यांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून सोडून दिलं नाही. त्याच्या तक्रारी ऐकल्या, नांगर बदलला, पुन्हा नेऊन दाखवला. ज्याला विकायचं त्याच्या बांधावर जाऊन उभं राहणारा मालक. नांगर हळूहळू खपायला लागला.

आणि धंदा जरा रुळावर येतोय तोच बेळगावच्या नगरपालिकेनं जागा खाली करायला सांगितली. शहराची वाढ करायची होती, कारखान्याची जागा त्यात जात होती. भट्टी, यंत्रं, माणसं, सगळं उचलून जायचं कुठं?

इथं गोष्टीत औंधचे राजे येतात. बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराच्या प्रचारासाठी ते प्रसिद्ध आहेत, पण ते स्वतः चित्रकारही होते. औंधला त्यांनी उभं केलेलं संग्रहालय ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी सुट्टीत जरूर जाऊन यावं. लक्ष्मणरावांनी औंधच्या देवळाच्या सभामंडपाचं काम घेतलेलं होतं, त्यामुळे राजेसाहेबांशी ओळख होती. नगरपालिकेचं प्रकरण कळल्यावर त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. चित्रकार झालेला राजा आणि चित्रकार होता होता राहिलेला कारखानदार! मला उगाच वाटतं, या दोघांचं जमलं त्यात याचाही थोडा भाग असेल.

जागा म्हणजे पुणे-मिरज लोहमार्गावरच्या कुंडल रोड स्टेशनजवळचं ३२ एकर माळरान. पाणी नाही, सावली नाही, निवडुंग आणि नाग भरपूर. १० मार्च १९१० रोजी तिथं कारखान्याची सुरुवात झाली. सोबत २५ कामगार आणि त्यांची कुटुंबं. तिकडे साकचीला टाटांचा पोलादाचा कारखाना उभा राहत होता, त्यातून पहिलं पोलाद निघालं १९१२ मध्ये. म्हणजे हिंदुस्थानात कारखान्याभोवती गाव वसवणं ही कल्पनाच तेव्हा ताजी होती. टाटांकडे भांडवल होतं, अमेरिकन तज्ज्ञ होते. किर्लोस्करवाडीला कोण होतं?

आता मी मूळ मुद्द्यावर येतो.

रामूअण्णा होते. सायकली विकणारे. त्यांनी गावाची आखणी, घरं, पैसा आणि कारभार बघितला. शंभूराव जांभेकर होते, ते इंजिनिअर, आणि कुणी आजारी पडला की वाडीचे डॉक्टरही तेच. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले, ते झाले व्यवस्थापक. मंगेशराव रेगे कारकून, त्यांच्याकडे सगळे हिशेब. अनंतराव फळणीकर यांनी शाळा मध्येच सोडलेली. त्यांच्या डोक्यात यंत्रांच्या कल्पना यायच्या, म्हणून त्यांना इंजिनिअरचं काम. आणि या सगळ्यांचे प्रमुख कोण, तर रंग न दिसणारे आणि बढती नाकारलेले ड्रॉइंग मास्तर.

ही टीम कुठल्याही कंपनीच्या कॅम्पस इंटरव्ह्यूला पाठवा. ॲप्टिट्यूड टेस्टचं सोडाच, साठ टक्क्यांच्या अटीतच निम्मी घरी जाईल.

मी हे वाचलं तेव्हा मला आधी वाटलं, की यात दयाबुद्धी असणार. बिचाऱ्यांना संधी दिली वगैरे. मग लक्षात आलं की तसं नाही. माळावर कारखाना उभा करणाऱ्याला दया परवडत नाही. भट्टी पेटवली की रस वेळेवर ओतायलाच लागतो, हिशेब चुकला तर आठवड्याचा पगार अडतो. लक्ष्मणराव बघत होते ते एवढंच, की याच्या हातून कोणतं काम होतं. गुणपत्रिका बघायची त्यांना गरज वाटत नसावी, कारण स्वतःच्या बाबतीत गुणपत्रिकेनं कधी खरं सांगितलेलं नव्हतं. आणि एकदा काम दिलं की पूर्ण दिलं. शाळा सोडलेल्या माणसाला इंजिनिअरच्या हाताखाली हेल्पर नाही ठेवला, इंजिनिअरच केला. आपल्या टेक फेस्टमध्ये कोऑर्डिनेटर नेमतात आणि मग स्टेजवरचा बॅनरसुद्धा दुसराच कुणीतरी ठरवतो. तसं नाही.

यातली सगळ्यात धाडसाची नेमणूक अजून सांगायचीच आहे. वाडीच्या रखवालीसाठी लक्ष्मणरावांनी तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या दोघांना ठेवलं. दोघंही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले. रात्री कारखान्याची, घरांची, बायकामुलांची राखण या दोघांवर सोपवून लोक झोपायचे. आणि हे दोघं शेवटपर्यंत विश्वासाचे ठरले.

रामोशी म्हणजे मूळचे गावाची आणि गडाची राखण करणारेच. इंग्रजांच्या राज्यात ती व्यवस्था मोडली, आणि वरून १८७१ च्या कायद्यानं देशातल्या कित्येक जमातींवर जन्मापासून गुन्हेगार असा शिक्का बसला. चोरी केली म्हणून नाही, अमक्या घरात जन्मला म्हणून. डोळ्यातल्या दोषामुळे चित्रकलेतून आणि कातडीमुळे बढतीतून बाद झालेल्या माणसाला हा शिक्का किती कामाचा वाटला असेल? मी त्यांच्या मनातलं सांगू शकत नाही. पण त्यांनी केलं काय ते समोर आहे.

थोडं विषयांतर करतो, पण याच औंध संस्थानात पुढे १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत निघाली. कैद्यांना भिंतीशिवाय, शेती करत ठेवायचा प्रयोग. व्ही. शांतारामांचा १९५७ चा दो आँखें बारह हाथ त्यावरूनच सुचलेला. होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये जुना सिनेमा लागला की चॅनल बदलणाऱ्यांनी हा एक तरी पुरा बघावा. किर्लोस्करवाडीतले ते दोन रखवालदार याच्या खूप आधीचे.

वाडीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यताही मोडीत काढली. १९१० नंतरच्या सातारा-सांगलीकडच्या खेड्यात हे करणं म्हणजे काय हे आजच्या शहरी पोरांना सांगून कळणार नाही. एक नळ, एक रस्ता, एक वस्ती यावरून गावं पेटत होती.

नुसती आरती ओवाळायची नाही म्हणून दुसरी बाजूही सांगतो. किर्लोस्करवाडी ही मालकाची वस्ती होती. काम त्यांचं, घर त्यांचं, रस्ता त्यांचा. नोकरी गेली की घरही गेलं. निर्णयाच्या जागी बहुतेक घरचीच माणसं. भाऊ, पुतणे, पुढे मुलगे. मालक भला होता म्हणून सगळं भलं चाललं, पण मालकाच्या भलेपणावर उभी असलेली व्यवस्था ही पक्की व्यवस्था नव्हे. याबद्दल माझं आणि आमच्या इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या सरांचं एकदा कँटीनमध्ये बरंच वाजलं. सरांचं म्हणणं, त्या काळात दुसरा मार्गच नव्हता. असेल. ओगल्यांनी काच कारखाना ओगलेवाडीला काढला तोही याच संस्थानात आणि साधारण अशाच घरच्या वळणाचा.

पुढचं जरा भरभर सांगतो. १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशी लोखंड, कोळसा, रंग यांची आवक आटली. मिळेल ते भंगार, सापडेल तो पर्याय यावर भट्टी चालू ठेवावी लागली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या आणि त्यांचे नांगर झाले, ही हकिगत आमच्या भागात अजून सांगतात. युद्धातून कारखाना तगला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच साली पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर नावाचं पत्रक काढलं. मूळ हेतू गिऱ्हाइकांना मालाची माहिती देण्याचा. त्यातूनच पुढे किर्लोस्कर मासिक झालं, १९३० मध्ये स्त्री आणि नंतर मनोहर. नांगराच्या जाहिरातीतून मराठीतली तीन नावाजलेली मासिकं! आपल्या मॅगझिन कमिटीनं लाजावं की अभिमान धरावा, मला ठरवता येत नाही.

१९२६ मध्ये मोठे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेहून, एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतले. इथं लक्ष्मणरावांची मला खरी परीक्षा दिसते. स्वतः पदवी नसलेला, सगळं हातानं उभं केलेला मालक. त्याच्यासमोर विलायती शिक्षण घेतलेला तेवीस वर्षांचा मुलगा. अशा घरात बापाचा अनुभव आणि मुलाचं पुस्तक यांची कुस्ती ठरलेलीच. पण इथं पंप आले, इंजिनं आली, नांगराच्या पलीकडची यंत्रं आली. १९३० नंतरच्या मंदीत शेतकऱ्याच्या हातात पैसा राहिला नाही, नांगर खपेनात, तेव्हा कारखान्यानं लोखंडी फर्निचरसुद्धा करून दिवस काढले. १९४१ मध्ये हरिहरला मशीन टूल्सचा कारखाना, १९४६ मध्ये खडकीला ऑईल इंजिन्स आणि बंगळूरला इलेक्ट्रिक. हा सगळा विस्तार पुढच्या पिढीनं केला. हातातला कारभार वेळेवर सोडणं जमलेले संस्थापक मोजकेच. मी एरवी घराणेशाहीवर टीका करतो, पण या एका बाबतीत बापाला पूर्ण मार्क.

आणि मग १९४८.

३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला. मारेकरी ब्राह्मण निघाला आणि पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव ब्राह्मणांची घरं पेटली. जमाव किर्लोस्करवाडीवरही आला. कारखाना जाळला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते.

ही गोष्ट संस्थापकांच्या चरित्रात एका ओळीत उरकतात. किंवा गाळतातच. मला ती गाळता येत नाही. ज्या माणसानं जात न बघता रखवालदार ठेवले, अस्पृश्यता मोडली, त्याचाच कारखाना जातीवरून जाळला गेला. यावर होस्टेलमध्ये बोलायला बसलं की दोन बाजू लगेच पडतात. एक बाजू म्हणते, बघा, चांगलं करून काय मिळालं. दुसरी म्हणते, शेकडो वर्षांचा राग होता, तो एका माणसाच्या चांगुलपणानं थोडाच फिटतो. पहाटे तीनपर्यंत हे चालतं आणि निकाल लागत नाही. माझं म्हणाल तर, जाळणं हे जाळणंच होतं, त्याला दुसरं नाव नाही. पण वाडीच्या कुंपणाच्या आत जे बदललं होतं ते कुंपणाबाहेर बदललेलं नव्हतं, हेही तितकंच खरं. एका कारखान्याच्या मालकाकडून कुंपणाबाहेरचीही अपेक्षा धरावी का, हा प्रश्न मी उघडाच ठेवतो.

सत्तरी ओलांडलेल्या माणसानं आयुष्यभराची कमाई जळताना बघितली तर काय होईल? विकून टाकून पुण्यात बंगला बांधून राहिला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. घरातल्या पुढच्या पिढीचे कारखाने एव्हाना दुसरीकडे उभे राहिलेलेच होते. किर्लोस्करवाडी बंद केली असती तरी नाव चालू राहिलं असतं. तसं केलं नाही. त्याच जागी, त्याच माळावर, आजूबाजूच्या त्याच गावांतली माणसं कामाला घेऊन कारखाना परत उभा राहिला. ज्या गावांकडून जमाव आला तिकडच्याच पोरांना पुन्हा साच्यावर आणि लेथवर उभं करायचं, ही गोष्ट दहा हजार रुपये आणि ३२ एकर माळ घेऊन सुरुवात करण्यापेक्षा किती तरी अवघड आहे असं मला वाटतं. १९१० मध्ये समोर फक्त निवडुंग आणि नाग होते.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला भारत सरकारनं त्यांचं पोस्टाचं तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनचं नाव कधीचंच किर्लोस्करवाडी झालेलं आहे. आपल्यातले कोल्हापूर-मिरजेचे लोक दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना त्याच स्टेशनवरून जातात, बहुतेक झोपेत.

आणि नगरपालिकेनं जागा खाली करायला लावली त्या बेळगावात, जिथं दोघा भावांनी धंदा सुरू केला होता, त्या रस्त्याचं नाव आता किर्लोस्कर रोड आहे.